टॉवेलाखालचा दोडका

सिनिअर केजीतल्या स्वराने ताटातल्या दोडक्याच्या फोडी एकेक करून उचलल्या, माझ्या पदरावर ओळीने मांडल्या आणि म्हणाली, "काकू, हे तुमचं आहे. माझ्या ताटात चुकून आलंय."

मी तिच्या बाकाशेजारी उकिडवी बसले होते. गुडघे दुखत होते. मागे उभ्या असलेल्या कन्सल्टंट मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. आजूबाजूच्या सत्तावीस मुलांनी आपापल्या ताटातला दोडका चाचपायला सुरुवात केली. माझा पदर मोठा आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

मी कॅन्टीन चालवते. गेटबाहेर एका स्टोव्हवर पोहे विकत सुरुवात केली आणि आज अंबड एमआयडीसीतल्या तीन कंपन्यांची जेवणं माझ्या किचनमधून जातात. कोणी काका-मामा मदतीला नव्हता. भांडून काम मिळवलं, भांडून टिकवलं. पर्चेस मॅनेजर नावाची जमात मी कोळून प्यायले आहे. कामगारांना जेवायला घालणं मला सोपं वाटतं. कमी वाढलं की ओरडतात, जास्त वाढलं की गप्प बसतात. मुलांचं याच्या बरोबर उलट असतं, हे मला गंगापूर रोडकडच्या त्या शाळेचं काम घेईपर्यंत माहीत नव्हतं.

शाळेत डबा आणायचा नाही, दुपारचं जेवण शाळाच देणार, अशी पद्धत. किचन शाळेचं, बायका माझ्या. सहा जणी. मुख्य स्वयंपाक यमुनाबाईचा, ती वणीकडची. तिच्या हातच्या दोडक्यासाठी कंपनीतले फिटर लोक शिफ्ट बदलून घेतात. केजीतल्या मुलांनी मात्र पहिल्या आठवड्यातच त्याला 'हिरवी गोगलगाय' असं नाव दिलं.

दिवाळीनंतर शाळेचे डायरेक्टर देवरे सर यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, मुलं खात नाहीत. पालकांचे फोन येतात. मुलं घरी येऊन बिस्किटांवर तुटून पडतात."

"सर, घरी तरी भाजी खातात का?"

"तो प्रश्न नाहीये."

"तोच प्रश्न आहे."

"पुढच्या महिनाअखेर सिनिअर केजीचं ओपन लंच ठेवलंय. पालक येतील, मुलांबरोबर जेवतील. त्या दिवशीचं प्लेट वेस्ट निम्म्यावर आलं तर तुमचं काँट्रॅक्ट रिन्यू. नाहीतर मुंबईची एक पॅकबंद जेवण देणारी कंपनी तयार आहे."

प्लेट वेस्ट म्हणजे ताटात वाढलेलं पण पोटात न गेलेलं अन्न. ते एका बादलीत गोळा करून रोज वजन करायचं. कॅन्टीनच्या धंद्यात त्यावरून स्वयंपाकाची परीक्षा होते. यमुनाबाई त्याला 'उष्ट्याची बादली' म्हणते आणि तेच नाव बरोबर आहे. सहा बायकांची नोकरी आता त्या बादलीत होती.

वजन करायला पुण्याहून कन्सल्टंट मॅडम येत. चाइल्ड न्यूट्रिशनमधल्या. अतिशय गोड बोलत. स्वतःचा डबा स्वतः घेऊन येत, आमच्या किचनचं पाणीसुद्धा पीत नसत. त्यांनी मला तीन उपाय सांगितले. मी तिन्ही केले, कारण सरांनी बजावलं होतं.

पहिला उपाय म्हणजे भाजी लपवायची. आम्ही दुधी किसून पराठ्यात घातला. अद्वैत नावाच्या मुलाने पराठ्याचे पदर सोनाराच्या सफाईने वेगळे केले, दुधीचा कीस बाजूला काढला आणि जाहीर केलं, "ह्याच्यात काहीतरी आहे." त्यानंतर चार दिवस मुलांनी साधी पोळीसुद्धा उजेडाकडे धरून बघितली. एकदा फसवलेलं गिऱ्हाईक प्रत्येक मालाला भोक पाडून बघतं. मला हे माहीत असायला हवं होतं.

दुसरा उपाय म्हणजे जेवण हसरं करायचं. इडलीला गाजराचं नाक, मटाराचे डोळे. निम्मी मुलं रडायला लागली. "ती माझ्याकडे बघतेय!" एका मुलीने तर इडलीला रुमालावर झोपवलं आणि दप्तरात घालून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला.

तिसरा उपाय बक्षिसाचा. मॅडमनी 'ब्रेव्ह टेस्टर' असे स्टिकर आणले होते. मला वाटलं, हा मात्र आपला प्रांत. घासाघीस करण्यात नाशिक जिल्ह्यात मला कोणी हरवलेलं नाही. नामपूरच्या कांद्याच्या व्यापाऱ्यांनी माझ्यापुढे हात टेकले आहेत. मी स्वराजवळ जाऊन बसले.

"स्वरा, दोन घास दोडका खा, एक बिस्कीट देते."

तिने विचार केला. "एक घास. दोन बिस्किटं."

"बरं, एक घास, एक बिस्कीट."

"मग नको," असं म्हणून ती सरळ वॉशबेसिनकडे निघाली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी स्वतः बाजारात असंच करते. आणि मीच मूर्खासारखी मागून ओरडले, "थांब, दोन घे!"

दुसऱ्या दिवशी तिचा भाव तीन बिस्किटं झाला. शुक्रवारी चार, आणि घासाऐवजी नुसती जीभ लावण्यावर आली. शिवाय वर्गातल्या बाकी सगळ्यांना तिचा भाव तोंडपाठ झाला होता. अद्वैत म्हणाला, "स्वराला चार, तर मला पाच. मी मोठा आहे." तो तिच्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा होता. एवढी वर्षं धंदा केला, पण मला असं राजरोस कोणी लुटलं नव्हतं, आणि इथे लुटणाऱ्याला बुटांची लेससुद्धा बांधता येत नव्हती.

यमुनाबाईने बिस्किटांचा रिकामा डबा माझ्यापुढे आपटला. "ताई, भाजी करायला मला ठेवलंय का बिस्किटं वाटायला? त्या पोरीला मालकीण करा आन तुम्ही बसा बाकावर. लय हुशार हाय ती."

मला संताप आला. स्वराचा नाही, माझा. घासाघीस हरले तर का हरले, हे शोधल्याशिवाय मला झोप लागत नाही. मी विचार करत बसले, आणि मला अण्णा आठवले.

माझे वडील घोटीच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये ते उभे राहत. खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकत, त्याच्याखाली समोरच्याचा हात धरत आणि बोटं दाबून भाव करत. तोंडाने आकडा काढायचा नाही. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी त्यांना फक्त हलणारा टॉवेल दिसतो. लहानपणी मी विचारलं होतं, हे लपवायचं कशाला? अण्णा म्हणाले, "चार माणसांदेखत 'नाही' म्हटलेल्या माणसाला पुन्हा 'हो' म्हणता येत नाही, पोरी. लाज आडवी येते. टॉवेलाखाली त्याला मागं फिरायला जागा राहते."

स्वरानेही सत्तावीस मुलांदेखत नाही म्हटलं होतं. वर त्यांच्या वर्गाच्या प्राची टीचर, मॅडम आणि मी अशा तिघी बायका तिच्या तोंडाकडे टक लावून बसलेल्या. आता ती हो म्हणणार कशी? आणि आपली गरज तिला दिसत होती. गरज दिसली की भाव चढणारच.

सोमवारी मी नवा कोरा, लाल चौकड्यांचा टॉवेल घेऊन वर्गात गेले. मुलांना गोल बसवलं आणि बाजार समजावला.

"मी तुमच्या प्रत्येकाजवळ येणार. टॉवेलाखाली माझा हात धरायचा. एक बोट दाबलं तर एक चमचा भाजी. दोन दाबली तर दोन. बोट वाकवलं तर अर्धा. आणि नको असेल तर बंद मूठ. काय दाबलं ते कोणाला सांगायचं नाही. मीही सांगणार नाही."

"टीचरला पण नाही?" अद्वैतने विचारलं.

"टीचरला पण नाही."

"मम्मीला?"

"पंतप्रधान आले तरी नाही."

मुलांचे चेहरे असे झाले, जणू त्यांना बँक लुटायला न्यायचं आहे.

वरणभात आणि पोळी रोज होतीच, त्यामुळे उपाशी कोणी राहणार नव्हतं. टॉवेल फक्त भाजीसाठी. पहिल्या दिवशी अठ्ठावीस मुलं आणि बावीस मुठी. मी प्रत्येक मुठीला मान डोलावली आणि पुढे गेले. प्राची टीचरना राहवेना. त्या एका मुलाच्या ताटाशी वाकून म्हणाल्या, "अरे, काकूंनी एवढ्या प्रेमाने केलंय, एक घास तरी..."

मी अशी ओरडले की भिंतीवरचा ए फॉर ॲपल हलला. "टीचर! सौदा झालाय! सौदा ठरल्यावर वर एक बोट मागणाऱ्याला पुढच्या बाजारात कोणी हात देत नाही!"

प्राची टीचर मूळच्या शांत स्वभावाच्या. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

बादली जवळजवळ रिकामी आली. मी खूश. मॅडमनी चष्मा वर केला. "पण ताई, खाल्लं कुठे? तुम्ही वाढलंच नाही."

"नको म्हणाले त्यांना का वाढू?"

"आपल्याला एक्स्पोजर द्यायचंय." एक्स्पोजर म्हणजे, मुलाला एखादा पदार्थ पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे, त्याचा वास आला पाहिजे. तेव्हा कुठे ओळख होते.

"दिसतंय की. पातेलं तिथेच आहे. बाजारात रोज येणारा माणूस एक दिवस घेतोच."

किचनमध्ये यमुनाबाई उरलेल्या दोडक्याकडे बघत उभी होती. "एवढा आता कुणाला घालू? तुमच्या वडलांच्या बैलांना?"

बुधवारी मुठी सतरा झाल्या. शुक्रवारी अकरा. कारण साधं होतं. मुठीत मजा नाही. बोट दाबलं की पुढे काहीतरी घडतं, आणि काय घडणार ते फक्त आपल्याला आणि काकूंना माहीत असतं. एकाने पाच बोटं दाबली आणि पाच चमचे मटकी बघून घाबरला. मी म्हटलं, खा हवी तेवढी, उरली तर उरू दे, उद्या नीट भाव कर. दुसऱ्या दिवशी त्याने दोन दाबली आणि दोन्ही खाल्ली. त्याला स्वतःच्या पोटाचं माप कळलं. कंपनीतल्या कित्येक मॅनेजरना ते निवृत्त होईपर्यंत कळत नाही.

स्वराची मात्र रोज मूठ. घट्ट, लिंबाएवढी. आठ दिवस. मी एक शब्द बोलले नाही, आणि हे माझ्यासाठी किती अवघड होतं ते माझ्या नवऱ्याला विचारा. नवव्या दिवशी टॉवेलाखाली एक बोट सरळ झालं, थांबलं आणि वाकलं. अर्धा चमचा. मी चेहरा दगडासारखा ठेवला आणि वाढलं. तिने दोडक्याचा वास घेतला, चाटला, चावला आणि थुंकला. मी पुढच्या मुलाकडे वळले. दोन दिवसांनी पुन्हा अर्धं बोट. या वेळी गिळला. तोंड असं केलं की कारल्यानेही माफी मागावी. पण गिळला.

त्रास वेगळीकडूनच सुरू झाला. मुलांना पद्धत एवढी आवडली की ती वर्गभर पसरली. रुमालाखाली खोडरबरांचे सौदे व्हायला लागले. प्राची टीचरनी 'होमवर्क आणलं का?' विचारलं तर अद्वैतने ओढणी मागितली. एका आजोबांनी शाळेत येऊन तक्रार केली, "लग्नाच्या पंगतीत आमचा नातू वाढप्याचा हात धरून बसला. सोडेना. म्हणे आधी टॉवेल आणा. मागची पंगत खोळंबली."

देवरे सरांनी पुन्हा बोलावलं. "ताई, तुम्ही मुलांना जेवायला घालताय की बैलबाजार भरवताय?"

"मुलं खातायत का?"

"तो प्रश्न..."

"तोच आहे सर."

ओपन लंचचा दिवस उजाडला. केजीच्या छोट्या बाकांवर पालक गुडघे कानाशी घेऊन बसले. मी ठरवलं होतं की आज मुलांना टॉवेल द्यायचा. मुलं आईबाबांचा भाव करणार, आईबाबा मुलांचा. स्वराची आई हॉस्पिटलमध्ये नर्स, तिची ड्यूटी होती आणि वडील बाहेरगावी. म्हणून तिच्या शेजारी खुद्द देवरे सर बसले.

मेनू दोडका, मटकीची उसळ, वरणभात, पोळी. मी मुद्दाम दोडका ठेवला. लढायचं तर मैदानात.

मुलांनी कामगिरी चोख केली. टॉवेल हलत होते, चमचे मोजून पडत होते. घोटाळा मोठ्यांनी केला. नियम समजावून सांगितला होता, नको असेल तर मूठ. पण एकाही पालकाने मूठ केली नाही. मुलासमोर दोडका नको कसं म्हणायचं? एका बाबांनी चार बोटं दाबली. एका आईने पाच. मुलांनी इमानदारीत तेवढे चमचे त्यांच्या ताटात वाढले. मग ते बाबा दोडक्याकडे असे बघत बसले, जणू तो त्यांच्या नावाने आलेली कोर्टाची नोटीस आहे. अण्णांच्या बाजारात टॉवेलाखाली खोटं बोलणारा मी एकही बघितला नव्हता. इथे एका ओळीत वीस होते.

अचानक स्वराचा आवाज घुमला. "टीचर! नाही! सरांची मूठ होती!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. प्राची टीचर हातात पळी घेऊन सरांच्या ताटाशी उभ्या होत्या. बॉसचं ताट रिकामं दिसलं म्हणून त्यांनी आग्रहाने भरघोस दोडका वाढला होता. सर लालबुंद.

"अगं, असू दे," सर म्हणाले.

"असू दे नाही! मूठ म्हणजे नको!" स्वरा जवळजवळ रडायला आली. "आणि मी मोठ्याने सांगितलं, ते पण सांगायचं नसतं!"

कोणीतरी हसलं आणि जेवण पुढे सरकलं. सरांनी तो दोडका ताटात इकडून तिकडे फिरवला आणि शेवटी पोळीखाली झाकला.

जेवणं झाली. मॅडमनी तराजूवर बादली ठेवली. काटा बघितला, पुन्हा बघितला, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नेहमीपेक्षा जास्त आहे, ताई. मागच्या महिन्यापेक्षाही."

 दारात यमुनाबाई आणि पाच जणी उभ्या होत्या.  यमुनाबाई पदराला हात पुसत बादलीकडे बघत होती.

मग माझं डोकं फिरलं. मी बादलीपाशी गेले, बाही वर केली आणि सगळ्या पालकांसमोर आत हात घातला.

"ताई, हायजीन!" मॅडम किंचाळल्या.

"हे बघा. पळीएवढे ढीग. माझी मुलं एक-दोन चमच्यांवर घेत नाहीत! मुलांची ताटं कुठायत?"

यमुनाबाईने टबातलं एक छोटं ताट उचलून उलटं धरलं. काही पडलं नाही. दुसरं धरलं. तिसऱ्यातून मटकीचा एक दाणा पडला. "पोरं बादलीकडं आलीच नाय," ती म्हणाली. "टाकायलाच काय नव्हतं. सरळ टबात ताटं ठिवली."

"पण क्रायटेरिया टोटल वेस्टचा आहे," मॅडम म्हणाल्या. "कोणाचं कुठलं, हे आपण सिद्ध कसं करणार?"

मी पालकांकडे बघितलं. चार बोटांचे बाबा छताकडे बघत होते. पाच बोटांची आई पर्समध्ये काहीतरी शोधत होती. 

मग देवरे सर उभे राहिले. छोट्या बाकातून उठायला त्यांना दोन प्रयत्न लागले.

"मॅडम, त्यातला पळीभर माझा आहे," ते म्हणाले. "मला दोडका आवडत नाही. लहानपणी आई पाठीत धपाटा घालून खायला लावायची. तेव्हापासून वासही नको वाटतो. मी मूठ केली होती. या मुलीने ती पाळली, आपण नाही."

थोड्या वेळाने मागून चार बोटांच्या बाबांचा आवाज आला, "त्यात माझाही आहे." मग एक आई म्हणाली, "थोडा माझा." नंतर इतके हात वर झाले की मॅडमना वहीचं पान उलटावं लागलं.

सरांनी मुलांची ताटं मोजायचा हुकूम दिला. अठ्ठावीस ताटांचं मिळून जे उरलं ते एका वाटीत मावलं. स्वराच्या ताटात काहीच नव्हतं. तिने किती बोटं दाबली होती, ते सरांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, "सांगायचं नसतं ना?"

काँट्रॅक्ट रिन्यू झालं. मी तीन वर्षं मागितली होती, सरांनी एकच दिलं. वाद घातला तर म्हणाले, "ताई, सौदा झालाय." 

पुढच्या महिन्यात शाळेचं न्यूजलेटर निघालं. 'सायलेंट चॉइस मीलटाइम मॉड्यूल.' संकल्पना, कन्सल्टंट मॅडम. त्यांचा फोटो, हातात लाल चौकड्यांचा टॉवेल. सर्वांत खाली बारीक अक्षरात, 'सहकार्य: किचन टीम.' अण्णांचं नाव नाही, घोटीचं नाही, माझं तर नाहीच. मी केबिनमध्ये जाऊन अर्धा तास बोलले. देवरे सरांनी पुढच्या अंकात दुरुस्ती करू असं सांगितलं. त्यानंतर तीन अंक निघाले. मी तिन्ही जपून ठेवले आहेत आणि पुढच्या रिन्यूअलला ते टेबलावर मांडणार आहे.

आता ओळखीचे पालक मला विचारतात, मूल भाजी खात नाही, काय करू? मी सांगते, भूक त्याची, पोट त्याचं. आपलं काम दोनच गोष्टींचं. वेळेवर चांगलं ताट मांडायचं आणि त्यानंतर तोंड बंद ठेवायचं. यातलं निम्मं काम मला उत्तम जमतं.